प्रश्न आधी नागरिकांचे, उत्तरं मग तज्ज्ञांची

जनुकबदल केलेलं बियाणं, नवी लस, अणुऊर्जा अशा विषयांवर लोकांचं मत घ्यायचं ठरलं की बहुतेक वेळा तज्ज्ञाचं तासभर भाषण होतं आणि प्रश्नांसाठी शेवटची दहा मिनिटं उरतात. लोकांना नेमकं काय जाणून घ्यायचंय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

डेन्मार्कमध्ये १९८७पासून 'सहमती परिषद' भरवून हा क्रम उलटवला गेला. विषयात हितसंबंध नसलेले साधारण पंधरा नागरिक निवडायचे; वय, शिक्षण, व्यवसाय मुद्दाम वेगवेगळे. दोन शनिवार-रविवार ते एकत्र बसून वाचतात, एकमेकांना समजावतात, स्वतःचे प्रश्न ठरवतात. तज्ज्ञ कोण बोलवायचे, यातही त्यांचा शब्द असतो. मग काही दिवसांची जाहीर परिषद होते. शेवटचं निवेदन नागरिकच लिहितात. तज्ज्ञांना त्यातल्या फक्त तथ्यांच्या चुका सुधारता येतात.

सगळी भिस्त त्या पूर्वतयारीवर आहे, आणि बिघडतं तेही तिथेच. बोलके दोघे-तिघे चर्चा ताब्यात घेतात. म्हणून आधी पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने प्रश्न लिहावेत, मग चौघा-पाचांच्या गटात मांडावेत. वाचायचं साहित्य दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी आधी तपासलेलं हवं, नाहीतर प्रश्नसुद्धा एका बाजूला झुकतात.

आकड्यांना मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा. ब्रिटनमध्ये १९९५ साली इशारा दिला गेला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात हजारोंनी वाढले. प्रत्यक्षात धोका ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. गरोदरपणात गुठळीचा धोका तर गोळीपेक्षाही जास्त असतो! 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. पण त्यावरून कुणालाही शहाणा निर्णय घेता आला नसता.

गटाला 'धोका दुप्पट' एवढंच वाक्य द्यावं आणि विचारायला लावावं: किती जणांमागे? किती काळात? कशाच्या तुलनेत? गोळी न घेतल्यास काय? हे चार प्रश्न अंगवळणी पडले की तीच माणसं तज्ज्ञालाही थेट विचारू लागतात. दोन तज्ज्ञांचं पटत नसेल, तर कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल, असं दोघांनाही विचारावं. मतभेद मोजमापाचा आहे की मूल्यांचा, हे बहुधा तिथेच उलगडतं.

वेळ कमी असेल तर भाषणं कापावीत, पूर्वतयारी नाही.