पार्श्वभूमी : पालमचा हँगर आणि ओझरचे मिग

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. खानदेशात ही बातमी जरा जास्तच जिव्हाळ्याची होती, कारण नाशिकजवळचं ओझर. १९६४ मध्ये तिथे मिगचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. धुळ्याहून मालेगाव, चांदवड मागे टाकलं की आग्रा रोडवरच ओझर. आयटीआय झालेला मुलगा ‘एचएएलला’ (हा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सला) ‘लागला’, ही आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी सांगायची गोष्ट होती.

निवृत्त विमानं जपण्यासाठी हवाई दलाने १९६७ मध्ये दिल्लीत पालमला संग्रहालय सुरू केलं. तिथल्या हँगरमधला, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमधला, सर्वांत जुना मानकरी म्हणजे वापिटी हे ब्रिटिश बनावटीचं विमान. १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वापिटींवर. या विमानाच्या पंखांवर कापड ताणून बसवलेलं असतं आणि ते घट्ट राहावं म्हणून वरून ‘डोप’ नावाच्या रोगणाचे हात दिलेले असतात. ऊन आणि दमट हवा लागली की रोगण तडकतं, कापड कुजतं. हँगरचं छप्पर म्हणूनच मोलाचं.

पालममधल्या लिबरेटरची कथा मात्र सर्वांत विलक्षण आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकी बनावटीची बॉम्बफेकी विमानं कानपूरला टाकून देण्यात आली. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम मोडली होती. एचएएलच्या माणसांनी त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. जुजबी दुरुस्ती करून ती कानपूरहून थेट बंगळूरला उडवत नेली आणि तिथे पुरती नीट केली. सांगाडा कितपत तग धरेल याची खात्री नसताना त्यात बसणाऱ्या वैमानिकाची छाती काय असेल! १९६८ पर्यंत ती हवाई दलात होती. आज परदेशांतल्या संग्रहालयांत दिसणारी बरीच लिबरेटर भारतातूनच गेलेली आहेत.

आता जतनाची पाळी मिगची. धातूचं विमान उघड्यावर टिकतं, हा समज अर्धाच खरा आहे. चौथऱ्यावर ठेवलेल्या विमानाच्या कॉकपिटवरची पारदर्शक काच उन्हाने धुरकट होते, टायरला भेगा पडतात, सांध्यांत पाणी मुरतं. भुसावळ-जळगावचा मे महिना तर ४५ अंशांचा. आपल्याकडे मिग आणायचाच असेल, तर चौकातल्या चौथऱ्याआधी शेडचा खर्च मंजूर करून घ्यावा आणि ओझरला हयात घालवलेल्या कामगारांना देखभालीसाठी बोलवावं.