मधले नाव सगळ्यात धाकटे

आरोग्य, काळजी आणि सामाजिक स्वास्थ्य. विद्यापीठांतल्या संशोधन केंद्रांच्या पाट्यांवर हे शब्द हल्ली इतके खेटून बसतात की तिघे एकाच घरात वाढले असावेत असे वाटते. तसे नाही. आरोग्याचा सामाजिक अभ्यास दोनशे वर्षांचा आहे. ‘स्वास्थ्य’ अधिकृत कागदांत येऊन पाऊणशे वर्षे झाली. काळजी हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊन मात्र जेमतेम अर्धशतक लोटले. मधले नाव सगळ्यात धाकटे. ते उशिरा आले आणि आले तेही मागच्या दाराने, ‘ओझे’ या नावाखाली. या टिपणाचा बराचसा भर त्या ओझ्यावरच आहे.

सुरुवात मृत्यूपासून झाली, कारण मृत्यूच तेवढा नोंदवहीत येत होता. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये वेगवेगळ्या विभागांतले मृत्यूंचे प्रमाण ताडून पाहण्यात आले. नदीची जवळीक, जागेची उंची, वारा, वस्तीची दाटी यांतले काहीच नीट जुळेना. जुळले ते घरभाड्यावरच्या कराशी. कर माफ व्हावा इतकी गरीब घरे जिथे जास्त, तिथे मरण जास्त. ब्रिटनमध्ये १८४२ साली निघालेल्या अहवालात मँचेस्टरच्या सुखवस्तू घरांतले मरणाचे सरासरी वय ३८ होते आणि मजुरांच्या घरांतले १७. ग्रामीण रटलंडमध्ये मजुरांचीही सरासरी ३८ निघाली. (सतरा म्हणजे मजूर सतराव्या वर्षी मरत होते असे नव्हे. पाळण्यातली मरणे सरासरी खाली ओढत होती. हा खुलासा तेव्हाही अनेकांनी केला नाही, आजही करत नाहीत.) १८४७-४८ साली तेव्हाच्या प्रशियातल्या वरच्या सायलेशियात टायफस या तापाची साथ आली. तिथे पाठवलेल्या तरुण डॉक्टरने औषधांच्या यादीऐवजी शिक्षण, स्वातंत्र्य, रस्ते आणि करांची फेरमांडणी असा उतारा लिहून दिला.

या सगळ्या कागदांत मेलेले आहेत, त्यांची घरे आहेत, गटारे आहेत. आजारी माणसाच्या उशाशी कोण बसले होते, हे कुठेच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ची व्याख्या अनेकांना पाठ आहे: आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा किंवा दुबळेपणाचा अभाव नव्हे, तर पूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. तिच्यातल्या ‘पूर्ण’ या शब्दावर तेव्हापासून टीका होत आली, आणि ती रास्त आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक असे पूर्ण स्वास्थ्य हवे म्हटले तर निरोगी माणूस शोधून सापडायचा नाही. १९९८ मध्ये तिच्यात ‘आध्यात्मिक’ आणि ‘गतिशील’ हे शब्द घालण्याचा ठराव पुढे आला, पण पुढच्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेने तो मार्गी लावला नाही. मूळ वाक्य आजही जसेच्या तसे आहे. त्याने संशोधकांना निदान एक मोकळीक दिली: रोग नसतानाही आरोग्याबद्दल प्रश्न विचारता येतो, ही.

ती मोकळीक वापरायला वीसेक वर्षे गेली. १९६७ साली लंडनमधल्या सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांचा पाठपुरावा सुरू झाला. सगळे नोकरीत, कुणीच उपाशी नाही, तरीही सर्वात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या तिप्पट निघाला. १९७१ मध्ये वेल्समधल्या एका गावडॉक्टरने लिहिले की चांगली वैद्यकीय सेवा तिच्या गरजेच्या नेमकी उलट वाटली जाते. १९८० साली ब्रिटनमध्ये आरोग्यातल्या वर्गविषमतेवरचा मोठा अहवाल तयार झाला. तो सरकारला अडचणीचा होता, म्हणून ऑगस्टमधल्या जोडसुट्टीच्या तोंडावर, छपाई न करता, फक्त २६० प्रती काढून वाटण्यात आला. अर्थातच त्याचा बोभाटा झाला.

त्याच १९८० साली अमेरिकेत एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा बोभाटा झाला नाही. काळजी या विषयावर मात्र त्याने दूरवरचा ठसा उमटवला.

त्याआधीची थोडी हकीकत सांगायला हवी. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून जास्त माणसे होती. त्यानंतर ती रुग्णालये रिकामी होऊ लागली, ब्रिटनमध्येही तेच सुरू झाले. माणसे घरी पाठवायची तर घरच्यांना ते झेपेल का, असा प्रश्न आला. १९६३ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या दोन सेवांची तुलना झाली. एक रुग्णांना शक्यतो घरी ठेवणारी, दुसरी भरती करून घेणारी. तुलनेसाठी जे मोजले त्याला नाव दिले गेले: कुटुंबावरचे ओझे. १९६६ साली या ओझ्याचे दोन भाग पाडण्यात आले. खर्च, बुडालेली मजुरी, मोडलेली झोप हे वस्तुनिष्ठ ओझे. ते घरच्यांना किती जड वाटते ते व्यक्तिनिष्ठ.

म्हणजे शब्द आला तो रुग्णालयाच्या बाजूने. खाट रिकामी करताना तिच्यावरचे वजन कुणाच्या डोक्यावर जाते, असा तो हिशेब होता. प्रश्न प्रामाणिक होता. पण काळजी म्हणजे काय, ती कशी केली जाते, ती घेणाऱ्याला आणि ज्याची घेतली जाते त्याला काय वाटते, हे विचारायच्या आधीच तिचे वजन काट्यावर चढले.

१९८०च्या लेखात स्मृतिभ्रंश झालेली २९ वृद्ध माणसे आणि त्यांची काळजी घेणारे २९ जवळचे नातेवाईक होते. प्रश्नही २९. योगायोग, पण लक्षात राहतो. निष्कर्ष अनपेक्षित होता. आजारी माणूस किती वेळा तोच प्रश्न विचारतो, रात्री किती उठतो, किती विसरतो, यावर ओझ्याची भावना अवलंबून नव्हती. बाकीचे नातेवाईक त्या माणसाला भेटायला घरी किती वेळा येतात, यावर ती अवलंबून होती. मुले, नातवंडे, भावंडे येती-जाती असली की ओझे हलके होत होते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. निष्कर्ष मागे पडला, प्रश्नावली पुढे गेली. २९चे २२ प्रश्न झाले. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत पाच उत्तरे, शून्य ते चार गुण, एकूण ८८. अनेक भाषांत भाषांतरे झाली, स्मृतिभ्रंशासाठी केलेले साधन कर्करोग, पक्षाघात, मानसिक आजार अशा सगळीकडे वापरले जाऊ लागले. येण्याजाण्याशी जोडलेली, म्हणजे अख्ख्या कुटुंबाची असलेली गोष्ट एका माणसाच्या नावापुढचा आकडा झाली. आकडा मोठा आला की समुपदेशन त्या माणसाला. न येणाऱ्या भावंडांना कोण बोलावणार?

ही प्रश्नावली भरताना पाहिली की तिच्यातली गोम कळते. बहुतेक वेळा ती घरातच भरली जाते. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते किंवा झोपल्यासारखी पडलेली असते. मुलगी दार अर्धे लोटून घेते आणि हळू आवाजात उत्तरे देते. नातेवाइकाचा राग येतो का, त्याची लाज वाटते का, हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावेसे वाटते का, असे प्रश्न येत जातात. शेवटाकडे दोन प्रश्न वेगळ्या चालीचे आहेत: तुम्ही याहून जास्त करायला हवे असे वाटते का, आणि याहून चांगले करू शकला असता असे वाटते का. जिवापाड करणाऱ्याला इथे हमखास ‘नेहमी’ म्हणावे लागते. ते गुणही ओझ्याच्याच बेरजेत पडतात. प्रेम, अपराधी वाटणे आणि थकवा यांची एकच मोळी बांधायची की नाही, यावर मोजमापशास्त्रातल्या लोकांचे अजून एकमत नाही. प्रश्नांचे दोन गट पाडावेत की तीन की जास्त, हा वाद चालूच आहे. माझे मत विचाराल तर हे गट पाडण्याचे कामच उलट्या टोकाने सुरू झाले.

कारण गुंता मुळात शब्दात आहे. १९८०च्या दशकात इंग्रजीत लिहिणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासकांनी बरीच शाई खर्चून दाखवून दिले की तिथल्या ‘केअर’ या एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत: कुणाबद्दल जीव तुटणे आणि कुणाचे अंग पुसणे. मराठीला ही फोड क्रियापदाने आधीच करून दिली आहे. काळजी करतो तो वेगळा आणि काळजी घेतो तो वेगळा. फोन करून दिवसातून तीनदा काळजी करणारा मुलगा आणि त्याच घरात काळजी घेणारी सून, यांतला फरक आपल्याला सिद्धान्ताशिवाय कळतो. अडते ते नामाशी. ‘काळजी’ एवढेच म्हटले की चिंता आधी ऐकू येते. ‘काळजीवाहू’ म्हणावे तर सरकार डोळ्यांपुढे येते. ‘सेवा’ म्हटले की पुण्य येते आणि मजुरीचा प्रश्न गुपचूप बाहेर पडतो. ‘शुश्रूषा’ जवळची आहे. तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, आणि तो अर्थ या क्षेत्रातल्या निम्म्या प्रश्नावल्यांवर टीकेसारखा बसतो. पण तिला रुग्णालयाचा वास लागला आहे. मराठीतले अहवाल वाचताना एकाच पानावर हे चारही शब्द एकाच अर्थाने आलेले दिसतात.

स्त्रीवादी अभ्यासकांचा मुद्दा शब्दापुरता नव्हता. समाजात राहून काळजी, या धोरणाचा अर्थ व्यवहारात कुटुंबाने केलेली काळजी आणि कुटुंबाने म्हणजे घरातल्या बाईने, हे त्यांनी दाखवले. बिनपगारी काम हे कामच आहे, हेही. इथवर ठीक. मग १९८४ साली त्यांच्यातल्याच एका अभ्यासिकेने तर्क टोकाला नेला: बायकांची सुटका व्हायची तर अवलंबून असलेल्यांसाठी निवासी संस्था हाच मार्ग दिसतो.

अपंग व्यक्तींच्या चळवळीला हे झोंबले. त्यातही, स्वतः अपंग आणि स्वतः स्त्रीवादी असलेल्या लेखिकांना जास्त झोंबले. अडथळा शरीरात नाही, समाजाच्या बांधणीत आहे, अशी मांडणी या चळवळीने ब्रिटनमध्ये १९७६ सालीच केली होती. आता त्यांनी विचारले की तुमच्या लेखांत ‘स्त्रिया’ म्हणजे काळजी घेणाऱ्या आणि ‘अवलंबित’ म्हणजे कुणीतरी दुसरे, असे कसे? अवलंबितांत बायका नाहीत? व्हीलचेअरवरून मुले वाढवणारी आई कुठल्या रकान्यात? आणि ओझे मोजता, तेव्हा ज्याला ओझे म्हणता त्याला एक तरी प्रश्न विचारता का? काहींनी काळजी हा शब्दच नको, मदतनीस हवा, त्याचा पगार आमच्या हातून द्यायला हवा, अशी भूमिका घेतली. हा वाद मिटला असे बरेच जण लिहितात. मिटलेला नाही, शिष्टाचाराने झाकला गेला आहे.

१९९० मध्ये दोन अमेरिकी अभ्यासिकांनी मधला रस्ता काढला. आपले जग राहण्याजोगे ठेवण्यासाठी ते टिकवण्या-दुरुस्त करण्याचे सगळे व्यवहार म्हणजे काळजी, अशी त्यांनी व्याख्या केली आणि तिचे चार टप्पे मांडले: गरज दिसणे, जबाबदारी घेणे, प्रत्यक्ष करणे, आणि ज्याच्यासाठी केले त्याचा प्रतिसाद. चौथ्या टप्प्याने अपंग लेखिकांच्या आक्षेपाला निदान खुर्ची दिली. व्याख्या मात्र एवढी ऐसपैस आहे की छप्पर शाकारणेही तिच्यात बसते.

इकडे आकड्यांची गाडी आपल्या रुळावर चालूच होती. १९९९ साली अमेरिकेतल्या वृद्ध जोडप्यांच्या पाहणीत, जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्यांत चार वर्षांतल्या मृत्यूची जोखीम ६३ टक्क्यांनी जास्त दिसली. हा आकडा जगभर फिरला, आजही फिरतो. त्याच लेखात होते की ताण न जाणवणाऱ्यांत अशी वाढ नव्हती. ते वाक्य फिरले नाही. २०१३ मध्ये साडेतीन हजार काळजीकर्त्यांची तशाच, पण काळजीची जबाबदारी नसलेल्या लोकांशी तुलना झाली, तेव्हा सहा वर्षांत त्यांचा मृत्युदर उलट १८ टक्क्यांनी कमी निघाला. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. या विषयावरच्या इतर अभ्यासांत फरक पडतो तो माणसे कुठून गोळा केली यावरही. दवाखान्यातल्या आधारगटातून नमुना घेतला की मोडकळीला आलेले लोक भेटतात, घरोघरच्या यादीतून घेतला की सगळ्या तऱ्हेचे भेटतात. शिवाय ज्याच्यात बळ आहे तोच अनेकदा ही जबाबदारी उचलतो.

दरम्यान तिसरीच मोजणी पुढे आली, तासांची. ६४ देशांच्या वेळ-वापर पाहण्यांवरून २०१८ साली काढलेला अंदाज असा की जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीत जातात, म्हणजे दोन अब्ज माणसांनी रोज आठ तास फुकट राबावे इतके. त्यातला ७६.२ टक्के वाटा बायकांचा. अर्थखात्यांपुढे हा आकडा कामी येतो, ओझ्याचे गुण येत नाहीत. पण तासांच्या मोजणीत रात्रभर एका कानाने जागे राहणे कुठे धरायचे, हे कोडे उरतेच. ते काम आहे, विश्रांती आहे की नुसतीच काळजी?

२०२० मध्ये बहुतेक देशांत निवासी संस्थांचे दरवाजे भेटायला येणाऱ्यांसाठी बंद झाले आणि घरोघरचे येणे-जाणेही थांबले. संशोधकांनी पाहण्या फोनवर आणि ऑनलाइन सुरू ठेवल्या, आणि त्यांतल्या कित्येकांत जुनी २२ प्रश्नांची यादीच हाताशी होती. नातेवाइकामुळे घरी मित्रमंडळी बोलावताना अवघडल्यासारखे होते का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. शेवटचे भेटायला कोण आले आणि केव्हा, हा नाही.