सीरम आयर्न कमी, फेरिटिन नॉर्मल: मग लोह आहे की नाही?

समजा, सदाशिव पेठेतल्या एका आजोबांचा रिपोर्ट आला. सीरम आयर्न 38, पुढे ठळक अक्षरांत 'कमी'. खालच्याच ओळीत फेरिटिन 240, तेही 'नॉर्मल'. दोन्ही चाचण्या लोहाच्याच, त्यामुळे घरात दोन पक्ष पडतात. सूनबाईंना लगेच गोळ्या सुरू करायच्या असतात, तर मुलाच्या मते लॅबनेच घोळ घातलेला असतो. बहुतेक वेळा घोळ वगैरे काही नसतो.

सीरम आयर्न म्हणजे सुई टोचली त्या घडीला ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनावर बसून रक्तातून फिरणारं लोह. शरीरात एकूण लोह 3 ते 4 ग्रॅम. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं, आणि हे फिरतं लोह जेमतेम काही मिलिग्रॅम. दिवसभरात ते वरखाली होतं, नुकतीच लोहाची गोळी घेतली असेल तर फुगतं. या एकट्या आकड्यावरून निदान करणं मला तरी पटत नाही.

फेरिटिन हे साठवणीचं प्रथिन. पोकळ गोळ्यासारखं, 24 तुकड्यांचं. एका गोळ्यात लोहाचे सुमारे 4500 अणू मावतात. त्याचं खरं ठिकाण पेशींच्या आत. थोडंसं रक्तात येतं, त्यावरून साठ्याचा अंदाज बांधतात. निरोगी माणसात हा अंदाज चांगला जमतो.

गोची होते ती शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असताना. डेंग्यू, संधिवात, जुनाट किडनीचा आजार, लठ्ठपणा, काहीही असो, इंटरल्युकिन-6 सारखी रसायनं वाढतात आणि यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवू लागतं. पेशींतून लोह बाहेर पडण्याची वाट त्यामुळे बंद होते. मार्केट यार्डात गोदामं मालाने भरलेली, पण शटर खाली आणि टेम्पो रिकामे, तसा प्रकार. जंतूंना लोह मिळू नये यासाठीची ही जुनी व्यवस्था असावी असं मानतात. शिवाय दाहात फेरिटिन स्वतःहूनही वाढतं. म्हणजे लोहाचा साठा खरोखर कमी असला तरी आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली निरोगी प्रौढांसाठी कमतरतेची सीमा 15 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवली, पण जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर 70. ताप नुकताच उतरला असेल तर फेरिटिनची घाई करू नये. करायचंच तर सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, बघावी.

हृदयविकारात फेरिटिनने बऱ्याच जणांना चकवलंय. 1981 मध्ये जेरोम सलिव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की पाळी सुरू असेपर्यंत बायकांना हृदयविकार कमी होतो, तो शरीरातलं लोह कमी राहत असल्यामुळे. 1992 च्या फिनलंडमधल्या अभ्यासात फेरिटिन 200 च्या वर असलेल्या पुरुषांमध्ये हार्ट अ‍ॅटॅक जास्त आढळले. कल्पना मोहक होती. पण पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत, आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांचं ठरावीक काळाने रक्त काढून लोह उतरवल्यावरही एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. ते निष्कर्ष 2007 मध्ये आले. वाढलेलं फेरिटिन पुष्कळदा लोहाची नाही, तर दाहाची चुगली करत असतं.

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, चित्र उलटं. तिथे लोहाची कमतरता खूप आढळते, हिमोग्लोबिन ठीक असलं तरीही. डॉक्टर फेरिटिन 100 च्या खाली असेल तर कमतरता धरतात. 100 ते 299 असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिनवरच्या किती टक्के जागा लोहाने भरल्यात, ते बघतात आणि हा टक्का 20 च्या खाली असला तरी कमतरताच धरतात. सीरम आयर्नला टीआयबीसीने (रक्तातलं ट्रान्सफेरिन एकूण किती लोह धरू शकतं तो आकडा) भागून हा टक्का काढतात, म्हणजे फिरत्या लोहाचा आकडा इथे कामी येतो. आजोबांना हार्ट फेल्युअर असेल आणि टीआयबीसी 250 असेल, तर सॅच्युरेशन 15 टक्के निघेल, आणि 'नॉर्मल' फेरिटिन असूनही निदान लोहाच्या कमतरतेचं होईल.

मात्र त्यावर मेडिकलमधून गोळ्या आणून भागत नाही. हेप्सिडिन आतड्यातली वाटही अडवतं. 2017 च्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना 16 आठवडे गोळ्या देऊनही त्यांची श्रम करण्याची ताकद वाढली नाही, तर शिरेतून लोह दिल्यावर लक्षणं सुधारल्याचं 2009 मध्येच दिसलं होतं.