जननस्तर

जननस्तर : प्राण्याच्या भ्रूणात अगदी आरंभी तयार होणारे पेशींचे थर. शरीरातील जवळजवळ सर्व ऊतके व इंद्रिये यांपासूनच घडतात. काही लेखक ‘भ्रूणस्तर’ असा शब्द वापरतात. जेलीफिश, जलव्याल (हायड्रा) यांसारख्या प्राण्यांत हे थर दोनच असतात. माणसासह बहुतेक प्राण्यांत ते तीन असतात : बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर. त्वचेचा वरचा थर व चेतासंस्था बाह्यस्तरापासून. स्नायू, हाडे, हृदय, रक्त व मूत्रपिंडे मध्यस्तरापासून. आणि अन्नमार्ग व श्वसनमार्ग यांचे अस्तर, यकृत व स्वादुपिंड अंतःस्तरापासून होतात. ही विभागणी शारीरविज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात कोष्टक करून दिलेली असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही. मात्र कोष्टकातील रेघा जितक्या सरळ दिसतात तितक्या शरीरात नसतात, हे विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवणे इष्ट.

मानवी भ्रूणातील निर्मिती : फलनानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास पेशींचा भरीव गोळा आतून पोकळ होतो. त्याला कोरकपुटी म्हणतात. सहाव्या-सातव्या दिवशी ती गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. दुसऱ्या आठवड्यात तिच्यातील काही पेशींची दोन थरांची चकती बनते. वरच्या थराला एपिब्लास्ट आणि खालच्याला हायपोब्लास्ट अशी नावे मराठीतही रूढ आहेत. हे दोन थर म्हणजेच पुढचे बाह्यस्तर व अंतःस्तर, असा समज नव्या विद्यार्थ्यांत हटकून आढळतो. तो चुकीचा आहे. तिन्ही जननस्तर एपिब्लास्टपासून होतात. हायपोब्लास्टचा वाटा प्रामुख्याने पीतकोशाच्या, म्हणजे चकतीखालच्या पिशवीच्या, अस्तरात असतो. उंदराच्या भ्रूणात मात्र त्या वंशातील काही पेशी आतड्याच्या अस्तरातही मिसळलेल्या आढळल्या आहेत.

सुमारे पंधराव्या दिवशी चकतीच्या शेपटीकडील भागात मध्यावर एक पट्टी उमटते. ही आद्यरेषा. एपिब्लास्टच्या पेशी दोन्ही बाजूंनी तिच्याकडे सरकतात, शेजारच्या पेशींना असलेली घट्ट चिकटण सोडतात आणि एकेक करून खाली उतरतात. आधी उतरलेल्या पेशी हायपोब्लास्टला बाजूला सारून अंतःस्तर बनवतात, मागाहून उतरलेल्या मध्ये पसरून मध्यस्तर होतात, आणि ज्या वरच राहिल्या त्यांचा बाह्यस्तर होतो. हे सारे घडते तेव्हा चकती एक-दोन मिलिमीटरहून मोठी नसते. डोके कुठे, शेपूट कुठे, डावे कुठले, उजवे कुठले, हे याच काळात ठरून जाते.

पुढे मध्यरेषेवर पृष्ठरज्जू, म्हणजे मध्यस्तरातील पेशींची एक लवचीक कांडी, तयार होतो आणि त्याच्या वरचा बाह्यस्तर जाड होऊन दुमडतो. दुमडीच्या कडा जुळून चेतानलिका बनते. सुमारे बाविसाव्या दिवशी कडा जुळू लागतात आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास खालचे तोंडही बंद होते. ते उघडे राहिले तर पाठीच्या कण्यात दुभंग राहतो. येथील दिवस फलनापासून मोजलेले आहेत. दवाखान्यात गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे ते दोन आठवड्यांनी जास्त भरते. त्या हिशेबाने नलिका बंद होते ती सहाव्या आठवड्यात, गर्भ राहिल्याची खात्री पुष्कळदा नुकतीच होत असताना. फोलिक आम्लाच्या गोळ्या गर्भ राहण्याआधीपासून घ्याव्यात असे सांगतात त्याचे कारण हेच.

थरांची सीमा प्रौढ शरीरात : चकतीत दोन जागा अशा असतात की जिथे मध्यस्तर शिरत नाही, बाह्यस्तर व अंतःस्तर तिथे एकमेकांना थेट चिकटलेले राहतात. एका जागी पुढे तोंड उघडते, दुसरीच्या जागी गुदद्वार व मूत्रजननमार्गाची द्वारे. गुदमार्गात या जुन्या सांध्याची खूण जन्मभर राहते. तेथील दंतुर रेषेच्या वरचे अस्तर अंतःस्तराचे, खालचे बाह्यस्तराचे. वरच्या भागाला चेतापुरवठा स्वायत्त चेतासंस्थेकडून होतो. त्याला ताण कळतो, पण कापल्याची वा टोचल्याची वेदना कळत नाही. खालचा भाग त्वचेसारखा संवेदनशील असतो. म्हणून रेषेच्या वरची मूळव्याध बहुधा न दुखता रक्त पाडते आणि खालची असह्य ठणकते. लसीका, म्हणजे ऊतकांतून वाहून नेला जाणारा द्रवही, वरची श्रोणीतील ग्रंथींकडे आणि खालची जांघेतील ग्रंथींकडे वाहते, त्यामुळे कर्करोग कुठल्या बाजूला पसरला असेल याचा अंदाज या रेषेवरून बांधतात. तिसऱ्या आठवड्यातील घटनेचा इतका सरळ पुरावा प्रौढ देहात क्वचितच मिळतो.

संकल्पनेचा उगम : थर ही कल्पना नेमकी कोणाची, याबद्दल एकमत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, तापत्या दुधावर साय धरावी तशी गर्भावर त्वचेचे सात थर धरतात, असे वर्णन आहे. त्यात जननस्तरांची पूर्वकल्पना पाहण्याचा प्रयत्न झालेला आहे. परंतु तो उल्लेख त्वचेच्या थरांचा आहे, त्यांपासून इतर इंद्रिये घडतात असे तिथे म्हटलेले नाही. तेव्हा ओढाताण न करणे बरे. संहितेचा काळही निश्चित नाही; तिचे थर इसवी सनाच्या अलीकडे-पलीकडे काही शतके पसरलेले असावेत असे मानतात. गर्भविचार म्हणून त्याच स्थानातील दुसरी चर्चा अधिक मोलाची आहे. गर्भाचे कोणते अंग आधी होते, डोके, हृदय की नाभी, याबद्दल निरनिराळ्या आचार्यांची मते तिथे दिली आहेत, आणि सर्व अंगे एकाच वेळी होतात, बांबूच्या कोंबातील भागांप्रमाणे ती सूक्ष्मपणामुळे दिसत नाहीत एवढेच, असा निर्णय धन्वंतरींच्या तोंडी आहे.

आधुनिक अर्थाने आरंभ बहुधा कास्पार फ्रीड्रिख व्होल्फ याच्यापासून धरतात. 1759 सालच्या आपल्या प्रबंधात त्याने, देह बीजात आधीच तयार नसतो, तो क्रमाक्रमाने घडतो, असे मांडले. नंतर कोंबडीच्या भ्रूणात आतडे एका सपाट पडद्याच्या दुमडण्यातून होते हे त्याने दाखवले. मात्र ‘थर’ ही सर्वसाधारण कल्पना त्याने मांडली असे म्हणणे कठीण आहे. ते श्रेय क्रिस्टियान पँडर याला देणे अधिक योग्य दिसते. 1817 मध्ये त्याने कोंबडीच्या भ्रूणातील तीन थर वेगळे ओळखले आणि त्यांच्यासाठी ‘ब्लाट’, म्हणजे पान, हा जर्मन शब्द योजला. त्याचा मित्र कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने 1828 मध्ये हीच कल्पना इतर पृष्ठवंशी प्राण्यांना लावली, पण थर चार मोजले. रॉबर्ट रेमाक याने 1850 नंतरच्या काही वर्षांत सूक्ष्मदर्शकाने पेशींचा माग काढून संख्या पुन्हा तीनवर आणली. आजचे कोष्टक मुळात त्याचे आहे. इकडे टॉमस हक्सली याने 1849 मध्येच जेलीफिशच्या शरीरातील दोन पडद्यांचे भ्रूणाच्या थरांशी असलेले साम्य दाखवले होते. बाह्यस्तर व अंतःस्तर यांची आजची पाश्चात्त्य नावे अशाच प्राण्यांच्या वर्णनात, 1853 मध्ये, जॉर्ज ऑलमन याने प्रथम वापरली.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने 1870 नंतरच्या दशकात या साम्यावर सर्व प्राण्यांच्या एका समान पूर्वजाची उपपत्ती रचली. तिचा परिणाम असा झाला की थर हे जणू वंशपरंपरेचे नियम ठरले आणि एका थराचे काम दुसरा करू शकत नाही असे गृहीत धरले गेले.

चेताशिखेचा वाद : या गृहीतकाला पहिला जोराचा धक्का ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेने दिला. 1893 मध्ये एका सॅलॅमँडरच्या भ्रूणांवरून तिने म्हटले की, डोक्यातील काही कूर्चा मध्यस्तरापासून नव्हे तर बाह्यस्तरापासून होतात. तिच्यावर कडाडून टीका झाली. संशोधनाची नोकरी न मिळाल्याने तिने पुढे हे क्षेत्र सोडले आणि 1931 मध्ये ती कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावाची महापौर झाली. तिचे म्हणणे बरोबर होते. चेतानलिका मिटताना तिच्या कडांवरून सुटणाऱ्या पेशींना चेताशिखा म्हणतात. त्यांचे वर्णन विल्हेल्म हिस याने 1868 मध्येच केले होते. या पेशी कुठवर जातात ते निकोल ल दुआरँ हिने 1969 पासून लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपून दाखवले. लावाच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते, त्यामुळे पाहुणी पेशी कुठे पोचली हे लपत नाही. चेहऱ्याची बहुतेक हाडे, त्वचेतील रंगद्रव्य पेशी, आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा गाभा या शिखेपासून होतात.

एकच दात घ्यावा. त्याचे वरचे कठीण दंतवल्क तोंडाच्या बाह्यस्तराचे असते आणि त्याखालचे दंतिन चेताशिखेतून आलेल्या पेशींचे. दोन्ही एकमेकींना संकेत दिल्याशिवाय दात धरत नाही. वरच्या थराची घडी खालच्या पेशींच्या पुंजक्यावर टोपीसारखी बसते आणि मधल्या सीमेवर दोन्ही बाजूंनी कठीण द्रव्य साठू लागते. शिखा ही चौथा जननस्तर मानावी, असे ब्रायन हॉल याने सुचवले आहे. पाठ्यपुस्तकांनी ते सहसा स्वीकारलेले नाही, पण त्याचा युक्तिवाद हलका नाही. जननपेशींच्या मूळ पेशी तर कोणत्याच थरात नीट बसत नाहीत. त्या पीतकोशाच्या भिंतीजवळ प्रथम दिसतात आणि तिथून चालत जननग्रंथींच्या जागी येतात.

मानवी पुरावा : वरील बरेचसे ज्ञान कोंबडी, बेडूक, सॅलॅमँडर व उंदीर यांच्यावरून आलेले आहे. माणसाच्या पहिल्या तीन आठवड्यांतील नमुने अत्यंत थोडे आहेत. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या मानवी भ्रूणांच्या संग्रहावरून पहिल्या 56 दिवसांच्या 23 अवस्था ठरवण्यात आल्या. त्यांतील आरंभीच्या अवस्थांचा मोठा आधार हर्टिग व रॉक यांनी गोळा केलेले 34 नमुने हा आहे. प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये हा ब्रिटनमधील 1984 च्या वॉर्नॉक अहवालाने सुचवलेला दंडक अनेक देशांनी पाळला, आणि आद्यरेषा उमटते ती त्यानंतर. आद्यरेषेच्या काळातील एका मानवी भ्रूणाच्या पेशींचे जनुकीय विश्लेषण 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भ्रूणाचे वय 16 ते 19 दिवसांच्या दरम्यान धरले आहे.