‘मला कुठं काय हुतंय?’ : तपासणी आणि लशीबद्दलच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो: फ्लूची लस घ्यावी का, आणि एकदा घेतली तर पुढच्या वर्षी पुन्हा कशाला? दुसरा प्रश्न बारमाही आहे. आशाताई घरी येते, तिशी ओलांडलेल्या बाईला कर्करोगाच्या तपासणीसाठी उपकेंद्रात बोलावते, आणि उत्तर मिळतं, ‘मला कुठं काय हुतंय?’ त्यावर घरातली थोरली बाई भर घालते, ‘आणि काय सापडलं तर?’

या उत्तरांना अडाणीपणा म्हणून झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आजार होण्याआधी सरकार किंवा डॉक्टर आपल्या दारी येतात, याचा दोनशे वर्षांचा अनुभव या समाजाच्या गाठीशी आहे, आणि तो सगळाच चांगला नाही.

दुखणं येण्याआधी काही करावं, ही कल्पना मात्र इथं परकी नाही. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून त्या पाण्याचे कलश पी-ढबाकच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीवर जातात. रोगराई येऊ नये, हेच मागणं असतं. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर साथी येतात, हे निरीक्षण त्या प्रथेत आहेच. पटकी, हगवण, हिवताप हे सारे पावसाचे सोबती होते.

भारतात पहिली लस टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, मुंबईत. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगातली गायीच्या देवीची लस बगदाद आणि बसरामार्गे जहाजाने आली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडाला लावायचा, अशी साखळी चालवावी लागे. कुणाच्या अंगातलं आपल्या लेकराच्या अंगात जाणार, हा प्रश्न जातीपातीच्या समाजात किती तीव्र असेल याची कल्पना करता येते. पण जातीचा भाग सोडला तरी शंका निराधार नव्हती, कारण त्या पद्धतीत एकाचा दुसरा आजारही पुढच्याला लागू शकत असे. पुढे वासरांवर लस तयार होऊ लागली आणि ती अडचण सुटली. १८८० च्या कायद्याने काही भागांत सक्तीची तरतूद झाली. देवी काढणारा गावात आला की मुलं लपवायची, ही सवय त्या काळापासूनची. तरी शेवटी देवी गेल्या. भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून संपल्याचं जाहीर केलं. आज साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावरचे वण त्या मोहिमेची साक्ष आहेत.

अविश्वास खरा वाढला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरांची झडती, संशयितांना छावणीत हलवणं, सामान जाळणं असे अधिकार त्यातून मिळाले. पुण्यात ते कसे वापरले गेले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले. ‘पिलेगात गाव माळावर गेलं होतं’ हे वाक्य अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं गेलं आहे.

त्याच काळात वाल्देमार हाफकिन मुंबईत प्लेगवर लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली आणि हजारोंनी ती घेतली. मग ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवून त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली नसून गावात ती उघडताना हलगर्जी झाली असावी, हे १९०७ पर्यंत मान्य झालं आणि ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये मुंबईच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. पण १९ मृत्यूंची बातमी जितकी दूर गेली तितका त्यांच्या निर्दोषत्वाचा निकाल गेला नाही. करोनाच्या लशीनंतर तरुण माणसं हृदयविकाराने जातात, ही चर्चा आजही पारावर ऐकू येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये सांगितलं की लशीमुळे असा धोका वाढलेला नाही. तोही निकाल चर्चेच्या मानाने कमीच लोकांपर्यंत पोहोचला आहे.

आता फ्लू. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून आलेला ताप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतला तो जीवघेणा होऊन. भारतात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे बहुतेक अंदाज सांगतात, आणि मुंबई इलाखा सर्वाधिक पोळलेल्या भागांपैकी एक होता. त्या वेळी हा आजार विषाणूचा आहे हेच माहीत नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा करता आला तो १९३३ मध्ये, आणि अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी लस आली १९४५ मध्ये. आपल्याकडे ‘साधा सर्दी-ताप’ म्हणून फ्लू बराच काळ दुर्लक्षित राहिला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि चित्र पालटलं. २०१० मध्ये भारतीय कंपन्यांच्या लशी बाजारात आल्या. पुढे महाराष्ट्र सरकारने गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. ही सोय आजही अनेकांना ठाऊक नसते.

दर वर्षी का घ्यायची, याचं उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. देवीचा विषाणू फारसा बदलत नसे, म्हणून एका टोचणीचं संरक्षण वर्षानुवर्षं पुरलं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, शिवाय लशीचा प्रभावही काही महिन्यांत ओसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते प्रकार असावेत ते ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. कोल्हापूर उत्तर गोलार्धात असलं तरी आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो. त्यामुळे दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मेमध्ये घेणं इथं अधिक उपयोगाचं. संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे वळीव पडायला लागला की वेळ झाली असं समजावं. टोचायची लस निष्क्रिय विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. एखाद दिवस अंग दुखतं, कणकण वाटते, इतकंच. लस कवचकुंडलं मात्र नाही. लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षीही फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. निरोगी तरुणाला हे थोडं वाटेल. पण सत्तरीतल्या दमेकरी आजोबांसाठी किंवा सातव्या महिन्यातल्या लेकीसाठी ते फार मोठं आहे.

कर्करोगाच्या तपासणीचा इतिहास याहून नवा आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्याची पद्धत १९४० च्या दशकात पुढे आली. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणी कोणत्या आजाराची करावी याचे दहा निकष मांडले. त्यांतले काही असे: आजार महत्त्वाचा हवा, लक्षणांआधीचा टप्पा ओळखता यायला हवा, चाचणी लोकांना मान्य होण्यासारखी हवी, आणि निदान झालेल्याला उपचार मिळण्याची सोय हवी. यांतला शेवटचा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

श्रीमंत देशांतली पेशींची चाचणी प्रयोगशाळा आणि तज्ज्ञांवर उभी होती. आपल्या खेड्यांत ते कुठून आणायचं? १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले गेले. काहींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची फक्त एक चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आम्लाच्या पाहणीचा तिथं ठळक फायदा दिसला नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हीच पाहणी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात सेविकांनी हाताने केलेल्या स्तन-तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तुलनेसाठीच्या गटातल्या हजारो बायकांची तपासणी झालीच नाही, आणि त्यांना पुरेशी कल्पना दिली होती का, हा प्रश्न देशाबाहेरही विचारला गेला. तो विचारायलाच हवा होता. मराठवाड्यातल्या आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या या बायकांच्या जिवावर जगाने धोरण ठरवलं. त्यांच्याच राज्यातल्या बायकांना त्याचा लाभ मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढच्या सर्वांची तोंड आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक सूचना काढली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयातल्या ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती, त्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचं प्रमाण प्रत्येकी ०.९ टक्के.

तोंडाची तपासणी तर आपल्या भागासाठी विशेष गरजेची. शेजारची निपाणी विडीच्या तंबाखूची पेठ. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण मळलेली तंबाखू आणि बायकांची मशेरी यांना कुणी हात लावलेला नाही. केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांची तोंडं नुसती बॅटरीच्या उजेडात नियमित पाहिल्याने मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, इतकं पाहायला दोन मिनिटं लागतात.

याउलट रक्ताच्या वीस-पंचवीस चाचण्यांचं ‘फुल बॉडी चेकअप’ पैसे मोजून करणारे पुष्कळ आहेत. अधिक शोधलं म्हणजे अधिक वाचलं असं नसतं, हे दक्षिण कोरियात दिसलं. तिथं १९९९ नंतर इतर तपासण्यांसोबत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले, आणि हजारोंची ग्रंथी विनाकारण काढली गेली. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी रक्ताची जी पीएसए चाचणी करतात तिच्याबद्दलही याच कारणाने अमेरिकेत एकदा सरसकट नको असा सल्ला आला आणि २०१८ मध्ये तो ५५ ते ६९ वयासाठी ‘डॉक्टरांशी बोलून ठरवा’ असा बदलला. मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन तपासण्यांमागे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे, आणि त्या मोफत आहेत.

मुलींसाठी आता एचपीव्हीची भारतीय लसही आहे, जानेवारी २०२३ पासून. ९ ते १४ हे तिचं सर्वांत योग्य वय. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधला लशीचा प्रकल्प संमतीच्या आक्षेपांमुळे थांबवावा लागला होता, त्याची छाया अजून आहे.

राहिला थोरल्या बाईचा प्रश्न: सापडलं तर? एके काळी मोठं दुखणं आलं की मिरजेच्या मिशन दवाखान्यात जायचं, तेही अगदी गळ्याशी आल्यावर. कर्करोगाचं नाव निघालं ते बहुधा शेवटच्या टप्प्यात, म्हणून निदान म्हणजे मरण हे समीकरण घराघरांत पक्कं झालं. आज गर्भाशयमुखावर आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसला तर तो बहुतेक वेळा कर्करोग नसतोच. कर्करोगाआधीचा बदल असेल तर तो गोठवून किंवा जाळून काढता येतो, अनेकदा त्याच दिवशी. पण शाहूवाडीच्या किंवा गगनबावड्याच्या वाडीतल्या बाईला पुढच्या तपासणीसाठी कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं तर एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबतीला कोण, जनावरांना वैरण कोण घालणार, हे सगळं आलं. आणि तपासणारी बाई असेल का? हेच रुग्णालय अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं तेव्हा डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथं काम करत होत्या. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी ही गरज ओळखून शाहू महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवलं होतं. शंभर वर्षांनंतर एखाद्या उपकेंद्रात पडदा, टेबल, आडोसा आणि प्रशिक्षित परिचारिका असेल, आणि पुढच्या तारखेला त्या बाईला घेऊन सीपीआरपर्यंत येणारं कुणी असेल, तर तिची तपासणी होते. नसेल तर आशाताईच्या वहीत तिच्या नावापुढची जागा कोरी राहते, आणि ती जागा कोरी का राहिली हे मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.