ऊस तोडायला आला, हे नेमकं कसं ओळखायचं?

दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात चार शेतकरी भेटले की पहिला प्रश्न एकच: ‘तोड आली का?’ तोडणी मजुरांची टोळी कधी येणार, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय काय म्हणाला, कारखान्यात आपल्या लागणीची नोंद किती तारखेची, यावर तासभर बोलणं होतं. ऊस आतून पिकलाय का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. नोंदीची तारीख बघायची, महिने मोजायचे आणि वय भरलं म्हणजे ऊस तयार, असं धरून चालायचं. वय हा ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे. पण शेजारी शेजारी, एकाच आठवड्यात लावलेल्या दोन फडांतला ऊसही एकाच वेळी पिकेल याची खात्री नसते.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टची आडसाली लागण साधारण 16 ते 18 महिन्यांची होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी 14-15 महिन्यांची आणि जानेवारी-फेब्रुवारीची सुरू वर्षाची. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेला ऊस, लागणीच्या उसापेक्षा महिना-दीड महिना आधी पिकतो. हे आकडे बहुतेकांना तोंडपाठ असतात. आत काय घडतं ते समजून घेतलं, तर हे आकडे पुढे-मागे का सरकतात तेही कळतं.

उसाच्या पानात साखर तयार होते. त्या कामात ऊस फार तरबेज. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायची त्याची रीत भात-गव्हापेक्षा वेगळी आहे, आणि ती शास्त्रज्ञांच्या हाती लागली तीही उसाच्याच पानांत: आधी हवाई बेटांवर, नंतर 1966 साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी तिचा उलगडा केला. कडक ऊन आणि उष्ण हवेत ही रीत जास्त साखर देते. पानातली साखर नळ्यांमधून खोडात उतरते आणि कांड्यांत शिरते. कोवळ्या कांडीत ती साठून राहत नाही. तिथं इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात काम करत असतं. ते सुक्रोज फोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि ही साधी साखर वाढीसाठी खर्च होते. नव्या संसारात पगार येईल तसा खर्चून जातो, तसंच हे. कांडीची लांबी-जाडी पुरी झाली की इन्व्हर्टेज मंदावतं, खर्च थांबतो आणि येणारं सुक्रोज पेशींमधल्या मोठ्या पोकळ्यांत साठत जातं.

बुडख्याच्या कांड्या सगळ्यात जुन्या आणि वाढ्याकडच्या, म्हणजे हिरव्या शेंड्याकडच्या, सगळ्यात कोवळ्या. त्यामुळं ऊस खालून वर पिकत जातो. लहानपणी ऊस खाताना बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो, ते यामुळंच. म्हणजे एकाच उसात एका टोकाला पिकलेलं आणि दुसऱ्या टोकाला हिरवं असं दोन्ही असतं, आणि ऊस तयार आहे का या प्रश्नाचं उत्तर या दोन टोकांमधल्या फरकात आहे.

आता थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा मात्र स्वच्छ ऊन असतं. गारठ्यानं वाढ थांबते, पण पानांचं काम उन्हात चालूच राहतं. साखर तयार होते आणि वाढीला लागत नाही, म्हणून ती साठते. पाण्याचा ताणही हेच करतो. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं ते याचसाठी. ‘पाणी दिलं की वजन वाढतं’ म्हणून तोडीच्या तोंडावर पाट सोडणारे बरेच आहेत. वजन थोडं वाढतंही, पण रस पातळ होतो आणि ऊस पुन्हा वाढीला लागला तर साठलेली साखर खर्ची पडते. उशिरा टाकलेल्या युरियाचा परिणाम असाच. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की पिकत आलेला ऊस परत हिरवागार होतो. बघायला छान दिसतो, पण त्याची साखर मागं गेलेली असते.

हे सगळं मोजता येतं, आणि मोजायला लागतं ते वीतभर लांबीचं एक नळकांडं, हँड रिफ्रॅक्टोमीटर. आपल्याकडे त्याला ब्रिक्स मीटर म्हणतात. पुढच्या टोकाला तिरकी काच, तिच्यावर झाकण, मागं डोळा लावायची जागा. काच पुसून तिच्यावर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण असं मिटायचं की खाली बुडबुडा राहणार नाही, आणि उजेडाकडं तोंड करून बघायचं. आत वर निळा आणि खाली पांढरा असे दोन पट्टे दिसतात. त्यांची सीमारेषा ज्या आकड्यावर, तो रसाचा ब्रिक्स. रसात विरघळलेला ऐवज जितका जास्त तितका उजेड जास्त वाकतो आणि रेषा तितकी वर सरकते. 20 ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण वीस ग्रॅम विरघळलेले पदार्थ, आणि त्यात बहुतांश साखर. हे मोजमाप 20 अंश सेल्सिअसला बेतलेलं असतं. साध्या मीटरवर तिशीतल्या तापमानात आकडा पाऊण-एकानं कमी दिसतो, म्हणून सकाळी सकाळी मोजलेलं बरं.

खरी काळजी घ्यायची ती नमुना घेताना. बांधाकडचा ऊस घ्यायचा नाही, त्याला ऊन आणि वारा जास्त मिळालेला असतो. फडाच्या आत शिरून वेगवेगळ्या सऱ्यांतले चार-पाच ऊस निवडायचे. प्रत्येकाच्या बुडख्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या कांडीच्या मध्यावर जाड सुई टोचून रस काढायचा, आणि मग तसाच वाढ्याखालच्या कांडीचा. पेराच्या गाठीतून रस घ्यायचा नाही. खालचा आकडा 21 आणि वरचा 14 आला, तर ऊस अजून पिकायचाय, मग त्याचं वय काहीही असो. खाली 21 आणि वर 20 आला, तर वरच्या आकड्याला खालच्यानं भागून उत्तर जवळजवळ एक, म्हणजे ऊस तोडीला आला. पुढं कधी तरी खालचा आकडा उतरायला लागतो आणि वरचा त्याच्यावर जातो. तेव्हा ऊस पिकून पुढं गेलेला असतो आणि बुडख्यातली साखर परत फुटायला लागलेली असते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की एकट्या आकड्यापेक्षा दोन टोकांची तुलना जास्त खरं सांगते.

ब्रिक्सला एक मर्यादा मात्र आहे. सुक्रोज, ग्लुकोज, क्षार, त्याला सगळं सारखंच. कारखान्याच्या प्रयोगशाळेत म्हणून पोलरीमीटर असतो. एका प्रतलात कंपणारा प्रकाश रसातून पाठवला तर सुक्रोज ते प्रतल उजवीकडं वळवतं. तेच सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की मिश्रण ते डावीकडं वळवतं, कारण फ्रुक्टोजची डावी ओढ ग्लुकोजच्या उजव्या ओढीपेक्षा जबर असते. यावरून रसातलं सुक्रोज कळतं. विरघळलेल्या ऐवजात सुक्रोज 85 टक्क्यांच्या वर गेलं, की ऊस चांगला पिकला असं समजतात.

जुन्या जाणत्यांच्या खुणाही निराधार नाहीत. खालचा पाला वाळतो, वरची पानं पिवळसर पडतात, पेरावरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगतात, ऊस वाकवला की पेरावर कडकन मोडतो, बोटानं वाजवला तर खणखणीत आवाज देतो. तिरका छेद घेऊन उन्हात धरला तर आत बारीक चमक दिसते. मीटर नसेल तर या खुणांवर चालतं. फक्त एका खुणेवर विसंबू नये, कारण पाणी कमी पडलं तरी पाला वाळतो आणि पानं पिवळी पडतात.

तुरा आलेल्या उसाचं गणित वेगळं. दिवस लहान होत जातात तेव्हा, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, शेंड्याचा कोंब पानं सोडून फुलाकडं वळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरे बाहेर पडतात. वाढ तिथंच संपते. सुरुवातीला साखर उलट चांगली चढते, त्यामुळं तुरा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दोनेक महिन्यांनंतर वरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूच्या फुटी, येतात, आत दशी पडते, ऊस पोकळ होतो आणि वजन, साखर दोन्ही घटतं. पंचगंगेच्या पुरात शेंडा बुडून कुजलेल्या उसाचंही असंच होतं. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर नदीकाठानं पांगशा फुटलेले फडच्या फड उभे होते. असा ऊस वय भरायची वाट बघत ठेवण्यात अर्थ नसतो, तो आधी तोडायला हवा.

मग सगळे मोजून का तोडत नाहीत? कारण पैसे वजनावर मिळतात. उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते तो उतारा. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान दर, ठरली होती आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे. म्हणजे उतारा एक टक्क्यानं वाढला तर टनाला 346 रुपये. पण हा उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. तुमचा ऊस कितीही गोड असला तरी त्याचा फायदा हजारो सभासदांत वाटला जातो. तोडीचा कार्यक्रम तारखेऐवजी ब्रिक्सवर आखला, तर ही सरासरीच वर जाईल आणि फायदा सगळ्यांचा होईल. मला तरी हे न करण्याचं पटण्याजोगं कारण दिसत नाही.

गुऱ्हाळवाल्याला मात्र सरासरीमागं लपता येत नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काईलीत, म्हणजे रस आटवायच्या कढईत, मानांकन उतरत नाही, उतरतो तो रस. कच्च्या उसात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त. ते हवेतलं पाणी ओढतात आणि सुक्रोजचे स्फटिक नीट बांधू देत नाहीत. मग गुळव्यानं कितीही हात चालवला, पाक 118 अंशांच्या आसपास नेऊन पाण्यात गोळी धरून बघितली, तरी ढेप नरम राहते आणि पावसाळ्यात पाझरते. पिकलेल्या उसाचाही तोडल्यानंतर असाच घात होतो. कापल्या टोकांवर ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू लागतात आणि इन्व्हर्टेज परत कामाला लागतं. कारखान्याला ऊस चोवीस तासांत गेला पाहिजे, गुळाला तर सकाळी तोडलेला त्याच दिवशी घाण्यात.

कोयता कुठं मारायचा, तेही यावरूनच ठरतं. वर वाढं कापताना कोवळ्या दोन-तीन कांड्या त्याच्याबरोबर जनावरांना गेल्या तरी चालतील, त्यांत साखर थोडी आणि गूळ बिघडवणारा ऐवज जास्त. खाली मात्र जमिनीलगत तोडायचं. चार बोटांचा बुडखा शेतात राहिला, तर सगळ्यात गोड भाग तिथंच राहतो, आणि खोडवाही जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमानं फुटायचा तो वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटतो.