कोल्लिओ आणि ब्रदा: टेकड्या त्याच, देश दोन

ऑरेंज वाइनचा, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवून केलेल्या वाइनचा, विषय निघाला की ओस्लावियाचं नाव येतंच. इटलीच्या ईशान्य टोकाला, गोरित्सिया शहराला लागून असलेलं हे टेकडीवरचं छोटं गाव. तिथले नावाजलेले वाइनवाले इटलीचे नागरिक आहेत. घरात मात्र स्लोव्हेन बोलतात. बाटलीवर एक भाषा आणि चुलीपाशी दुसरी, हे असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

हा सगळा पट्टा सोचा आणि युद्रिओ या दोन नद्यांच्या मधला. सोचालाच इटालियन लोक इझोन्झो म्हणतात. दक्षिणेकडच्या इटालियन भागाला कोल्लिओ म्हणतात, उत्तरेकडच्या स्लोव्हेनियातल्या भागाला ब्रदा. खालची जमीन एकच आहे: चुनखडीमिश्रित मातीचे आणि वालुकाश्माचे एकावर एक थर, हवा-पाणी लागलं की भुगा होणारे. तिला इटलीत ‘पोंका’ आणि पलीकडे ‘ओपोका’ म्हणतात. उतारावर पायऱ्या काढून लावलेले वेलही तेच. इथला जुना वाण रेबुला, इटालियनमध्ये रिबोल्ला. त्याचे उल्लेख तेराव्या शतकापासूनचे आहेत.

1500 साली हा मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे गेला आणि मधला नेपोलियनचा काळ सोडला तर 1918 पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. कचेरीत जर्मन, शहरात इटालियन आणि फ्रिउलियन, टेकड्यांवर मुख्यतः स्लोव्हेन. जमिनी बऱ्याचशा गोरित्सियाच्या सरदार-जमीनदारांच्या. कुळं पिकाचा वाटा देऊन त्या कसायची आणि त्या वाट्यात वाइनही असायची. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्याला स्वतःची वाइन घरीच विकायची मुभा दिली. दारावर किंवा रस्त्याच्या वळणावर हिरवी डहाळी टांगली की समजायचं, आत वाइन मिळते. ही ‘ओस्मित्सा’ची चाल शेजारच्या कार्स्ट पठारावर अजून जोमात आहे. सम्राट गेला, साम्राज्य गेलं, त्याचा हुकूम मात्र चालू आहे.

1860 मध्ये रेल्वे आली आणि ब्रदाच्या चेरी, वाइन व्हिएन्नाच्या बाजारात जाऊ लागल्या. साधारण त्याच सुमारास काउंट थिओडोर द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसाने इथल्या मुलीशी लग्न करून काप्रिव्हा गावाजवळ बागा लावल्या आणि फ्रान्सचे वाण आणले. आज ‘इथलेच’ म्हणून मिरवणारे सोव्हिन्यॉन, पिनो, मेर्लो हे असे आलेले पाहुणे आहेत. एखादा वाण अस्सल मातीतला की बाहेरचा, यावर तावातावाने भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मे 1915 मध्ये इटली युद्धात उतरली आणि आघाडी नेमकी या नदीवर आली. अडीच वर्षांत इझोन्झोच्या बारा लढाया झाल्या. ओस्लाविया जमीनदोस्त झालं. वेल तर सोडाच, वरची मातीही जागेवर राहिली नाही. 1938 मध्ये उभारलेल्या तिथल्या अस्थिस्मारकात 57 हजारांहून अधिक सैनिकांचे अवशेष आहेत. बहुतेकांची ओळख पटलेली नाही. त्या स्मारकाच्या आसपासच आज जगातल्या नावाजलेल्या बागा आहेत.

1920 च्या रापाल्लो कराराने सगळा प्रदेश इटलीला मिळाला. व्हिएन्नाचं गिऱ्हाईक तुटलं आणि ज्या देशात आधीच वाइनचा महापूर, तिथे यांची वाइन कोण विचारणार? त्यावर फॅसिस्ट राजवट आली. 1923 पासून स्लोव्हेन शाळा एकेक करून इटालियन केल्या गेल्या, पुढे आडनावंही बदलायला लावली. भाषा उरली ती घरात, चर्चमध्ये आणि तळघरातल्या पिंपांपाशी.

तरीही टेकड्या अजून अखंड होत्या. त्या तुटल्या 1947 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने इटली आणि युगोस्लाव्हिया (स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग) यांच्यातल्या सीमेसाठी चार वेगवेगळ्या रेषा सुचवल्या; पॅरिसच्या तहात फ्रेंच रेषेवर तडजोड झाली. सप्टेंबरच्या मध्यावर ती प्रत्यक्ष जमिनीवर उतरली, म्हणजे आपल्याकडे रॅडक्लिफची रेषा जाहीर झाल्याला जेमतेम महिना झाला होता. अंगणं, गोठे, द्राक्षबागा यांच्यामधून ती गेली. मीरेन गावच्या कबरस्तानातूनही गेली. तिथली थडगी 1975 पर्यंत दोन देशांत होती. गोरित्सिया शहर इटलीकडे राहिलं, त्याचं 1906 चं देखणं रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियात गेलं. मग शहराविना राहिलेल्या युगोस्लाव्हियाने शेजारीच नोवा गोरित्सा हे नवं शहर वसवायला घेतलं.

ब्रदाची कोंडी सगळ्यात मोठी. तिथून बाहेर पडायची सोयीची वाट गोरित्सियातूनच होती आणि आता तिथे पहारा होता. 13 ऑगस्ट 1950 च्या रविवारी युगोस्लाव्हियाच्या बाजूचे लोक नाका ओलांडून गोरित्सियात घुसले, नातलगांना भेटले, खरेदी करून दुकानं रिकामी केली आणि परतताना अनेकांच्या हातात झाडू होते. तो दिवस ‘झाडूंचा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. 1955 च्या उदिने करारानंतर सीमेलगतच्या लोकांना परवाने मिळाले. ज्यांची शेतं पलीकडे अडकली होती, ते परवाना दाखवून तोडणीला जाऊ लागले. ब्रदाला नोवा गोरित्साशी जोडणारा थेट रस्ता मात्र 1985 मध्ये झाला आणि तोही सुमारे दीड किलोमीटर इटलीच्या हद्दीतून, दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालून. वाटेत थांबायची बंदी.

या काळात वाइनचीही फाळणी झाली. ब्रदात कुळांना जमिनी मिळाल्या, पण द्राक्षं घालायची दोब्रोव्होच्या सहकारी तळघरात. तिथे मोल होतं ते वजनाला. इटलीच्या बाजूला 1968 मध्ये कोल्लिओला मानांकन मिळालं आणि मारिओ स्किओपेत्तोसारख्यांनी थंड टाक्यांतली स्वच्छ, फिकट पांढरी वाइन घडवून देशभर नाव कमावलं. तंत्र आधुनिक, बाजार श्रीमंत.

आणि मग त्याच यशाचा कंटाळा आलेले लोकही इथेच निघाले. ओस्लावियाच्या योस्को ग्राव्हनर आणि स्टान्को रादिकोन यांनी 1990 च्या दशकात रिबोल्लाचा रस पुन्हा सालींसकट आंबवायला सुरुवात केली. पूर्वी खेड्यातले लोक पांढरी द्राक्षंही अशीच आंबवायचे. ग्राव्हनर त्याहून मागे, जॉर्जियातल्या जमिनीत पुरायच्या मातीच्या रांजणांपर्यंत गेला. जाणकारांनी आधी नाकं मुरडली. नंतर तीच ऑरेंज वाइन फॅशन झाली. मला यात फॅशनपेक्षा सीमेआधीच्या तळघराशी पुन्हा जोडून घेणं जास्त दिसतं. पलीकडे, 1991 मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाल्यावर, ब्रदातही घरोघरच्या बाटल्या बाजारात येऊ लागल्या आणि दोन्हीकडच्या वाइनचं नातं चटकन ओळखू येऊ लागलं. चेग्लो गावच्या मोव्हिया या जुन्या घराच्या बागा तर आजही दोन्ही देशांत आहेत.

2004 मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला, 2007 च्या डिसेंबरात नाके उठले. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे स्टेशनसमोरच्या चौकात काही काळ पुन्हा कुंपण आलं. 2025 मध्ये गोरित्सिया आणि नोवा गोरित्सा या दोन शहरांनी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून वर्ष साजरं केलं.

युरोपने सीमा पुसली, तशी एक नवी अडचणही दिली. इथली रोजच्या जेवणातली वाइन पिढ्यान् पिढ्या ‘तोकाय’ म्हणून ओळखली जायची. हंगेरीने आपल्या तोकाय प्रदेशाच्या नावावर हक्क सांगितला, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि 2007 पासून इथे ते नाव वापरायची बंदी झाली. इटलीत त्या वाइनचं ‘फ्रिउलानो’ झालं, स्लोव्हेनियात ‘सोव्हिन्योनास’. रादिकोनच्या घराने यातलं काहीच घेतलं नाही. त्यांच्या बाटलीवर छापलेलं असतं ‘याकोत’, म्हणजे तोकायचीच अक्षरं उलटी लावून. सीमेपलीकडे ब्रदातही अनेक जण तेच छापतात.